टॅरो शिकायचंय, पण समोर माणूस बसला की जीभ उचलत नाही: सुरुवात कशी करावी?

काजवा

टॅरो, म्हणजे चित्रांची कार्डं काढून त्यांवरून बोलणं, वाचायला शिकायची इच्छा आहे. धंदा करायचा नाही, कुणाला भविष्यही सांगायचं नाही. अडचण दुहेरी आहे: ७८ कार्डांचे अर्थ लक्षात कसे राहणार, आणि राहिले तरी समोरच्याशी बोलायचं कसं? क्लासमध्ये पहिल्याच दिवशी शेजारच्याचं रीडिंग करायला लावतात म्हणे, त्यामुळे क्लासचा विचार सध्या नाही.

कोणता डेक (कार्डांचा संच) घ्यावा? अर्थ पाठ करावेत का? आणि बुजऱ्या माणसाला झेपेल असा काही क्रम आहे का? पहिला डेक कुणीतरी भेट द्यावा लागतो, स्वतः घेतला तर लाभत नाही, असंही ऐकलं. खरं आहे का?

हुकूमपत्ता

भेटीचं आधी निकालात काढू. त्याला काडीचा आधार नाही. खुशाल स्वतः विकत घ्या.

डेक रायडर-वेट-स्मिथ घ्या, निदान पहिलं वर्षभर. १९०९ साली लंडनच्या विल्यम रायडर अँड सन यांनी तो काढला; योजना आर्थर एडवर्ड वेट यांची आणि चित्रं पामेला कोलमन स्मिथ हिची. मार्सेय या जुन्या फ्रेंच पद्धतीच्या डेकमध्ये सहा कपांच्या कार्डावर फक्त सहा कप असतात, आपल्या पत्त्यांतल्या बदाम छक्कीसारखे. पामेलाने मात्र मायनर म्हणजे चार रंगांच्या छपन्न कार्डांपैकी बहुतेकांवर माणसं, प्रसंग, हवामान, सगळं काढलं. बोलायला अडखळणाऱ्याला हाच मोठा आधार असतो, कारण काही सुचलं नाही तरी समोर वर्णन करायला चित्र असतं. थॉथ हा दुसरा एक डेक देखणा आहे, पण त्यात ज्योतिष आणि कबाला (ज्यू गूढविद्या) इतकं ठासून भरलंय की नवशिक्याचा वेळ चिन्हं उकलण्यातच जातो.

ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त नकलांपासून सावध. हातात पडल्यावर पहिलं काम मोजणीचं: २२ मेजर (डेथ, द सन अशी नावाची कार्डं), आणि वाँड्स (काठ्या), कप्स (प्याले), स्वोर्ड्स (तलवारी), पेंटॅकल्स (नाणी) या चार रंगांची प्रत्येकी १४. मग दोन कार्डं नीट बघा. २ ऑफ पेंटॅकल्समध्ये कसरत करणाऱ्या पोराच्या मागे उंच लाटांवर जहाजं दिसली पाहिजेत. ५ ऑफ कप्समध्ये काळ्या झग्यातल्या माणसापुढे तीन कप सांडलेले, पाठीमागे दोन उभे आणि लांबवर पूल. नकलेत हेच तपशील चिखल होतात, आणि वाचन तर त्यांच्यावरच चालतं. बहुतेक कार्डांच्या खालच्या कोपऱ्यात पामेलाची वेलांटीसारखी सही असते. पुष्कळ नकलांत ती पुसलेली असते.

नेहमीचा आकार साधारण ७० बाय १२० मिलिमीटर, म्हणजे आपल्या पत्त्यांपेक्षा बराच मोठा. हात लहान असेल तर छोट्या आकाराची आवृत्ती घ्या. त्यात कमीपणा काही नाही.

शेवग्याची_शेंग

टॅरो म्हणजे मुळात इजिप्तच्या पुजाऱ्यांचं गुप्त ज्ञान ना? मग इजिप्शियन चित्रांचा डेक जास्त अस्सल नाही का?

गंजिफा

नाही. हे पत्ते पंधराव्या शतकात उत्तर इटलीत जन्मले, तेही खेळण्यासाठी. मिलानच्या व्हिस्कोंती आणि स्फोर्झा घराण्यांसाठी हाताने रंगवलेली कार्डं आजही संग्रहालयांत आहेत. खेळाचं नाव तारोक्की, आणि मेजर कार्डं म्हणजे त्यातले कायमचे हुकूम. इजिप्तची कथा १७८१ ची. आंत्वान कूर द जेबलँ या फ्रेंच लेखकाने ती ठोकून दिली, आणि इजिप्तची चित्रलिपी शाँपोलियोंनी उलगडली १८२२ मध्ये! जेबलँच्या पुस्तकानंतर चारच वर्षांनी, १७८५ मध्ये, पॅरिसमध्ये ‘एतेया’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या माणसाचं टॅरोवरून भविष्य बघण्याचं पुस्तक निघालं. म्हणजे भविष्य हा टॅरोचा नंतरचा उद्योग.

अवांतर: सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफात गोल आकाराचे १२० पत्ते, दहा अवतारांचे प्रत्येकी बारा. तोही निव्वळ खेळ. त्यावर अजून कुणी गूढविद्येचा दुकानदार बसला नाही, हे नशीब.

वाचनवेडी

अर्थांबद्दल. ‘पाठ करू नका, अंतर्ज्ञानाने वाचा’ हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि नवशिक्याला तो पार निरुपयोगी असतो. ७८ सुटे अर्थ पाठ करू नका हे बरोबर, पण चौदा गोष्टी तरी पाठ हव्यातच: चार रंग आणि दहा आकडे.

वाँड्स म्हणजे काम, उत्साह, पुढाकार. कप्स म्हणजे भावना आणि नाती. स्वोर्ड्स विचार, बोलणं, वादविवाद. पेंटॅकल्स पैसा, शरीर, घरदार. आकड्यांत एक्का सुरुवात, दोन म्हणजे जोडी किंवा निवड, तीन वाढ, चार स्थैर्य, पाच मोडतोड, सहा सावरणं, सात कसोटी, आठ जोर लावणं, नऊ शेवटाच्या अलीकडे, दहा शेवट. यातून चाळीस कार्डांचा ढोबळ अर्थ तयार होतो. कोष्टक सगळीकडे चालत नाही हे मात्र आधीच सांगते. ३ ऑफ स्वोर्ड्सवर पावसात तीन तलवारी आरपार गेलेलं हृदय आहे, तिथे ‘वाढ’ म्हणणं ओढूनताणून होईल. कोष्टक आणि चित्र भांडले तर चित्राचं ऐका.

सराव असा: प्रश्न न विचारता चारही पंज्या शेजारी मांडा. वाँड्समध्ये पोरांची काठ्यांनी मारामारी, कप्समध्ये सांडलेल्याकडे बघत उभा असलेला माणूस, स्वोर्ड्समध्ये तलवारी गोळा करून हसणारा आणि पाठ फिरवून चाललेले दोघे, पेंटॅकल्समध्ये चर्चच्या उजळलेल्या खिडकीखालून बर्फात चाललेले दोन दीनदुबळे. एकाच आकड्याची मोडतोड चार क्षेत्रांत कशी दिसते ते डोळ्यांनीच कळतं. मग चारही छक्क्या, अठ्ठ्या, असं करत जा. रोज एक आकडा घेतला तर दहा दिवसांत चाळीस कार्डांची ओळख होते.

पेज (सेवक), नाईट (घोडेस्वार), क्वीन, किंग ही चार रंगांतली सोळा कार्डं सगळ्यांनाच छळतात. अडकण्याचं कारण एकच: ‘ही कोण व्यक्ती?’ असं शोधत बसणं. गोरी बाई, सावळा तरुण वगैरे जुनी वर्णनं सोडून द्या. कार्डाकडे वागण्याची तऱ्हा म्हणून बघा. चार नाईटांचे घोडेच बघा ना: स्वोर्ड्सचा चौखूर उधळलाय, वाँड्सचा पुढचे पाय उचलून उभा, कप्सचा चालीत, पेंटॅकल्सचा जागेवर ठाम. कामाच्या प्रश्नात पेंटॅकल्सचा नाईट आला तर ‘संथपणे, न थांबता’ एवढं पुरतं.

मेजरची बावीस सावकाश घ्या, आठवड्याला दोन. आणि पुस्तक बघताना आकडा तपासा: वेट यांच्या डेकमध्ये ८ म्हणजे स्ट्रेंग्थ आणि ११ म्हणजे जस्टिस, मार्सेयमध्ये बरोबर उलट. भलतंच पुस्तक हाती आलं की इथे गोंधळ होतो.

काजवा

चौदाचं गणित आवडलं. सरावाच्या नोंदींची वही कशी ठेवायची? आणि उलटी (चित्र डोक्यावर आलेली) कार्डं, त्यांचे वेगळे अर्थ, तेही शिकायचे का सुरुवातीलाच?

वाचनवेडी

वहीत एका कार्डाला तीन ओळी. पहिलीत फक्त दिसतं ते: ‘झाडाखाली तरुण, हाताची घडी, समोर तीन कप, ढगातून चौथा पुढे आलेला, याचं लक्ष नाही.’ दुसरीत या चित्रातला माणूस काय करतोय किंवा टाळतोय. तिसरीत आजच्या दिवसाशी त्याचा संबंध. तिन्ही लिहून होईपर्यंत पुस्तक उघडायचं नाही, हा नियम मात्र कडक पाळा. आधी पुस्तक बघितलं की पहिली ओळसुद्धा पुस्तकातली उतरते आणि डोळा तयार होत नाही. रात्री चौथी ओळ: तिसरी लागू पडली की नाही. नाही पडली तर सरळ ‘नाही’ लिहा.

उलटी कार्डं पहिले तीन महिने नकोत. ७८ चे १५६ होतात आणि माणूस कंटाळून सोडून देतो.

पिसारा

उलटी नको म्हणायला सोपं, पण ती आपोआप होतात. कुठे होतात ते बघा.

एक, डेक कापताना एक गठ्ठा नकळत फिरतो. कापायचा तर गठ्ठे टेबलावर सरकवूनच ठेवा. दोन, कार्ड पालथं असताना वरून खाली उलटलं की चित्र डोक्यावर उभं राहतं. पुस्तकाचं पान उलटतो तसं बाजूने उलटा. बहुतेकांचा घोटाळा इथेच असतो आणि दोष बिचाऱ्या ‘ऊर्जे’ला जातो. तीन, समोर बसलेल्याने पिसून डेक परत देताना तो फिरवून दिला, तर सगळीच उलटी येणार.

पिसण्याबद्दल: आपण रमी खेळताना हातावर थोडे थोडे पत्ते टाकत पिसतो, त्याने पत्ते मिसळतात कमी आणि नुसते तुकड्या-तुकड्यांनी जागा बदलतात. कालच्या मांडणीतली कार्डं आज पुन्हा शेजारी येतात ती त्यामुळे. सगळी पालथी कार्डं कापडावर पसरून दोन्ही हातांनी मिनिटभर गोल ढवळणं चांगलं. मोठ्या कार्डांना, लहान हातांना आणि थरथरणाऱ्या हातांनाही हे सोयीचं. फक्त यात कार्डं फिरतात, तेव्हा उलटी नको असतील तर नंतर एकदा सरळ करून घ्या, किंवा येईल ते कार्ड सरळ करूनच वाचा. चक्क चालतं. दोन अर्धे गठ्ठे एकमेकांत मिसळवण्याची रीतही उत्तम, पण कडा वाकतात.

पावसाळ्यात कोकणात, मुंबईत कार्डं दमटपणाने फुगतात आणि चिकटतात. झिपच्या पिशवीत सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा. बाक आला तर रात्रभर जाड पुस्तकांखाली. रेशमी रुमाल, स्फटिक, चांदण्यात ठेवणं हे हौसेनुसार. कापड मात्र हवं, कारण गुळगुळीत टेबलावरून कार्ड नखाने उचलावं लागतं आणि कोपरे जातात.

तर्कट

गंमत म्हणून चित्रं बघा, हरकत नाही. पण थोडं गणित जोडीला घ्या, म्हणजे वाहवत जाणार नाही.

तीन कार्डं काढली तर त्यांत निदान एक मेजर असण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के आहे. म्हणून ‘मेजर आलं, मोठी घटना’ म्हणू नका. रोज एक कार्ड काढलं तर अकरा दिवसांत कुठलं तरी कार्ड पुन्हा येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त. ‘हे कार्ड माझा पाठलाग करतंय’ असं लोक लिहितात, त्यात पाठलाग कसलाच नसतो.

दुसरं, १९४८ मध्ये मानसशास्त्रज्ञ बर्ट्राम फोरर यांनी विद्यार्थ्यांची चाचणी घेऊन प्रत्येकाला ‘तुमचं व्यक्तिमत्त्व’ म्हणून एकच मजकूर दिला. मुलांनी अचूकतेला ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले. ‘तुम्ही वरून शांत, पण आतून अस्वस्थ असता’ हे कुणालाही लागू पडतं.

हुकूमपत्ता

+१, आणि शिकणाऱ्याला यातून फुकटची चाचणी मिळते. दोन माणसांसाठी दोन लेखी रीडिंगं करा, नावं न टाकता दोन्ही दोघांना द्या, आपलं कोणतं ते ओळखायला सांगा. ओळखता आलं नाही तर तुमची वाक्यं फार ढोबळ आहेत. बहुधा तुम्ही कार्डाचा अर्थ लिहिला, पण तो विचारलेल्या प्रश्नाला बांधलाच नाही. ही चाचणी टॅरो खरं की खोटं हे सांगणार नाही. तुमचं लिखाण नेमकं आहे की नाही एवढंच सांगेल.

मुखदुर्बळ

मूळ प्रश्न बोलण्याचा होता, त्यावर येतो.

नवशिका गप्प होतो तो अर्थ आठवत नाही म्हणून, असं सगळ्यांना वाटतं. बहुतेक वेळा तो गप्प होतो कारण सुरुवात कशी करायची, मध्ये काय म्हणायचं आणि संपवायचं कसं, यांची वाक्यं तयार नसतात. गप्पिष्ट माणूस ती जागा कशानेही भरतो. बुजऱ्याने ती आधी लिहून ठेवायची. टॅरोत एक सोय आहे, दोघांच्या मध्ये कार्डं असतात. तुम्ही कार्डाकडे बघत बोललात तर ते उद्धट दिसत नाही, उलट तसंच अपेक्षित असतं. समोरासमोर न बसता टेबलाच्या कोपऱ्याला काटकोनात बसा; दोघांना चित्र जवळपास सरळ दिसतं आणि नजरेला नजर भिडवावी लागत नाही.

क्रम असा ठेवा. पहिला महिना फक्त वही. दुसऱ्या महिन्यात एकटं असताना मोठ्याने वाचायचं. कार्ड समोर ठेवून फोनवर दीड-दोन मिनिटं रेकॉर्ड करा आणि ऐका. ‘म्हणजे’, ‘असं काहीतरी’, ‘कदाचित’ किती वेळा येतं ते बघा. त्यानंतर लेखी रीडिंग: ओळखीतलं कुणीतरी प्रश्न मेसेजने पाठवेल, तुम्ही तीन कार्डांचा फोटो आणि शे-सव्वाशे शब्द पाठवायचे. मग त्याच माणसांना व्हॉइस नोट. प्रत्यक्ष बसणं सर्वांत शेवटी, एकाच माणसाबरोबर, पंधरा मिनिटं, तीनच कार्डं. दहा-बारा लेखी झाल्याशिवाय पुढची पायरी घेऊ नका. घाई केली की लोक पहिल्याच बैठकीनंतर डेक कपाटात टाकतात.

सुरुवातीचं वाक्य: ‘मी शिकतेय. पुढे काय होणार ते मी सांगत नाही. कार्डावर जे दिसतं ते सांगते, लागू पडतं का ते तुम्ही सांगा. आपण पंधरा मिनिटं बसू.’ यात वेळ आधीच सांगितली जाते, ते महत्त्वाचं. भिडस्त माणसाला सुरू करण्याहून थांबवणं अवघड जातं. समोरचा ‘अजून एक प्रश्न’ करत तास खातो.

कार्ड उघडल्यावर लगेच बोलू नका. पाच सेकंद चित्र बघा. ही शांतता तुम्हाला लांब वाटते, समोरच्याला वाटत नाही, कारण तोही चित्रच बघत असतो. मग ‘या चित्रात…’ असं म्हणून वर्णन करा, आणि ‘हे तुम्हाला कुठे जुळतं?’ असं विचारून थांबा. अर्ध्याहून जास्त बोलणं समोरच्याने केलं पाहिजे. काहीच सुचलं नाही तर दोन कार्डांतली माणसं कुठे बघतायत ते सांगा: एकमेकांकडे, की पाठ करून? एवढ्यावर पाच मिनिटं निघतात.

‘काहीच जुळत नाही’ म्हणाले तर ओढाताण करू नका. ‘ठीक, हे बाजूला ठेवू’ म्हणून पुढचं कार्ड. इथे बुजरी माणसं घाबरून समोरच्याच्या चेहऱ्यावरून अंदाज बांधायला लागतात आणि मग रीडिंग कार्डांचं राहत नाही, चेहऱ्याचं होतं.

शेवट: ‘यातलं एक काय लक्षात ठेवाल?’ उत्तर आलं की कार्डं गोळा करायची. कार्डं गोळा केली की बैठक संपते, तोंडाने सांगावं लागत नाही.

शेवग्याची_शेंग

आणि नातेवाईक? घरात डेक दिसला की ‘सांग बघू माझं काय चाललंय’ म्हणून बसतात. परीक्षाच ती.

मुखदुर्बळ

त्यांना प्रश्न विचारायला लावा. ‘प्रश्नाशिवाय मी कार्ड काढत नाही’ एवढंच. परीक्षा घ्यायला आलेले निम्मे इथेच उठतात. घरच्यांना सुरुवातीला वाचूच नका हा आणखी बरा मार्ग. आत्याच्या संसारातलं तुम्हाला आधीच ठाऊक असतं, आणि कार्डात तेच दिसायला लागतं.

वाचनवेडी

प्रश्नावरच सगळं अवलंबून आहे, म्हणून भर घालते. ‘होईल का?’, ‘कधी?’ हे प्रश्न घेऊच नका. चित्रात हो-नाही नसतं, मग वाचणारा अंदाज मारतो. ‘नोकरी लागेल का?’ ऐवजी ‘मुलाखतीच्या तयारीत काय सुटतंय?’ ‘या स्थळाला होकार द्यावा का?’ ऐवजी ‘या निर्णयात मी कशाला घाबरतेय?’ ‘तो माझ्याबद्दल काय विचार करतो?’ हे तर नाहीच. जो माणूस समोर नाही त्याचं वाचन करणं म्हणजे चहाड्या. आजार, गरोदरपण, कोर्टाचा निकाल, शेअर यांना स्पष्ट नकार द्या. नकाराचं वाक्यही पाठ ठेवा: ‘हे डॉक्टरांना विचारायचं, कार्डांना नाही.’

तीन कार्डांसाठी भूत-वर्तमान-भविष्य टाळा, कारण तिसरं कार्ड आलं की भाकीत केल्याशिवाय राहवत नाही. ‘परिस्थिती, अडचण, पुढचं पाऊल’ अशा जागा ठेवा. कार्ड काढण्याआधी ठरवा, नंतर नाही.

काजवा

डेथ कार्ड किंवा १० ऑफ स्वोर्ड्स आलं तर? नवखा माणूस समोर असेल तर मीच घाबरेन.

हुकूमपत्ता

‘घाबरू नका’ हे पहिलं वाक्य म्हणू नका, त्यानेच माणूस घाबरतो. चित्राकडे जा. डेथमध्ये चिलखतातला सांगाडा पांढऱ्या घोड्यावर आहे, झेंड्यावर पांढरं फूल आहे, राजा पडलाय, लहान मूल फूल घेऊन समोर बसलंय, आणि मागे दोन मनोऱ्यांमध्ये सूर्य. ‘काहीतरी संपतंय, आणि प्रत्येक जण त्याला वेगळ्या तऱ्हेने सामोरा जातोय, यात तुम्ही कोणासारखे आहात?’ असं विचारा. १० ऑफ स्वोर्ड्समध्ये पालथ्या माणसाच्या पाठीत दहा तलवारी आहेत, आकाश काळं आहे, पण क्षितिजावर पिवळा उजेड आहे. तो उजेड दाखवा, पण तलवारी नाहीत असं भासवू नका. गोड गोड वाचणं समोरच्याला लगेच कळतं.

आणि ही कार्डं डेकमधून काढून ठेवणं हा उपाय नव्हे; काही जण करतात.

कार्ड वाईट आलं म्हणून पुन्हा काढायचं नाही. तोच प्रश्न महिनाभर तरी पुन्हा नाही. समोरचा रोज तोच प्रश्न घेऊन यायला लागला तर रीडिंग बंद करा. आणि ‘दोष आहे, उपाय करावा लागेल’ ही भाषा कधीच नको. गल्लोगल्ली त्यावरच पैसे उकळले जातात.

शेवग्याची_शेंग

सेल्टिक क्रॉस ही मांडणी कधी शिकायची? सगळ्या व्हिडिओंत तीच असते.

पिसारा

ती दहा कार्डांची आहे. नवशिका तीन कार्डांनंतर एकेक सुटं वाचायला लागतो आणि पाचव्यापर्यंत प्रश्न विसरतो. तीन कार्डांची गोष्ट सलग सांगता यायला लागली की मग पाच, मग दहा. सहा महिने लागले तरी उशीर नाही.

काजवा

शेवटचा प्रश्न. पिसताना एखादं कार्ड उडून पडलं तर ते घ्यायचं की परत टाकायचं? दोन्ही मतं वाचली.

पिसारा

दोन्ही चालतात. पिसायला बसण्याआधी काय ते एकदा ठरवा आणि त्या दिवशी बदलू नका. पडलेलं द सनसारखं आनंदाचं असलं तर ठेवायचं आणि द टॉवरसारखं पडझडीचं असलं तर परत टाकायचं, असं नको. हात बसेपर्यंत खूप पडतील, म्हणून सुरुवातीला परत टाकलेलीच बरी. आणि ढवळून पिसलंत तर पडणारच नाहीत.